संग्रहित छायाचित्र

सकाळी ६

दारातला पेपर उचलला आणि आधी शहराचं पान उघडलं. आज १२ जुलै. दरवर्षी या तारखेला तेच फोटो येतात. लकडी पुलावरून वाहणारं पाणी, नदीकाठच्या पेठांतले खचलेले वाडे, चिखलातून भांडीकुंडी उपसणारी माणसं. पानशेत धरण फुटलं तो १९६१ चा १२ जुलै बुधवार होता. यंदा, २०२३ सालीही तारीख बुधवारीच आली आहे. फोटोंखाली नेहमीचे दोन शब्द छापलेत: 'संग्रहित छायाचित्र'. फोटो कुणी काढला ते दिलेलं नाही आणि कुठल्या संग्रहातला तेही नाही.

हे दोन शब्द माझ्या नोकरीचे आहेत, म्हणून मला ते खुपतात. संग्रहित म्हणजे बासष्ट वर्षं कुणीतरी सांभाळलेलं. कुठल्या तरी कपाटात, कुणाच्या तरी पगारावर, कुणी तरी भरलेल्या विजेच्या बिलावर.

मी पुण्यातल्या एका छोट्या छायाचित्रसंग्रहात काम करते. संग्रहालय म्हणावं एवढा तो मोठा नाही. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर अडीच खोल्या आहेत. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या वारसांनी दिलेल्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, फिल्म आणि नोंदवह्या हे आमचं मूळ भांडवल. नंतर लोकांनी आल्बम आणून दिले, त्यांची भर पडत गेली. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी झालेली आहे, विश्वस्त पाच आहेत. पगारी माणसं दोन: एक मी, आणि दुसऱ्या मावशी, ज्या झाडलोटीसाठी आल्या आणि आता काचांसाठी कागदाची पाकिटं माझ्यापेक्षा नेटकी दुमडतात.

आज संध्याकाळी पाचच्या आत अनुदानाचा अर्ज जायचा आहे. सहाला विश्वस्तांची बैठक आहे, आणि तिच्यापुढचा विषय आठवडाभर माझ्या डोक्यातून हललेला नाही.

सकाळी ८

बुधवार आणि रविवार जुन्या बाजाराचे. मंगळवार पेठेत पोचले तेव्हा पावसाची भुरभुर होती आणि विक्रेते मालावर प्लास्टिक ओढत होते. माझे एक ओळखीचे भाऊ आहेत, वाड्यांमधून निघालेलं सामान विकतात. काचा किंवा निगेटिव्ह मिळाल्या की माझ्यासाठी बाजूला ठेवतात. त्यांनी शिकवलेली गोष्ट मी कुठल्याही अभ्यासक्रमात शिकले नव्हते: वाडा पाडायला काढला की लाकूड, पितळ, दरवाजे यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. फोटो शेवटी राहतात. फ्रेमचं लाकूड आणि काच कामाची, आतल्या आजोबांचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. फिल्म एक्स-रेच्या फिल्मबरोबर चांदी काढणाऱ्यांकडे जाते. निगेटिव्हवर जे चित्र दिसतं ती चांदीच असते, त्यामुळे चित्र धुऊन टाकलं की चांदी हाताला लागते.

आज त्यांच्याकडे इलफर्ड कंपनीच्या फोटोच्या काचांचं एक खोकं होतं, आत अर्ध्या प्लेटच्या अकरा काचा. दोन तडकलेल्या, एक दुसरीला चिकटलेली. ढगाळ उजेडात एक काच आभाळासमोर धरली. शाळेतल्या मुलींची तुकडी दिसली, पहिली रांग जमिनीवर मांडी घालून बसलेली, मागे बाकांवर उभ्या मुली, मधोमध नऊवारीतल्या दोन शिक्षिका. कोपऱ्यात काचेवर कोरलेला आकडा. स्टुडिओची नोंदवही असती तर या आकड्यावरून तारीख, शाळा, कुणी किती प्रती नेल्या, सगळं सापडलं असतं. वही सोबत नाही. विचारलं तर भाऊ म्हणाले, "वह्या रद्दीत गेल्या ताई, त्या मी घेतच नाही." मी त्यांना शंभरदा सांगितलंय की काचेपेक्षा वही आधी उचला. पुन्हा सांगितलं. चारशे रुपये दिले, माझ्या पाकिटातून. अशा खरेदीसाठी संस्थेकडे तरतूद नाही, आणि पावतीशिवाय खर्च दाखवता येत नाही.

सकाळी १०

कोठीची खोली उघडली की मी पहिल्यांदा भिंतीवरचा आर्द्रतामापक बघते. आज ६८. कालपेक्षा दोनने खाली. ओलावा शोषणाऱ्या यंत्राची टाकी रात्रीत काठोकाठ भरली होती. मावशींनी ती मोरीत ओतली आणि वहीत वेळ लिहिली.

ही वही मला आमच्या संग्रहातल्या कुठल्याही दुर्मीळ चित्राइतकी महत्त्वाची वाटते. काच असो की फिल्म, चित्र बसलेलं असतं जिलेटिनच्या पातळ थरात. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यांतून. बुरशीला ते अन्नच. हवेतली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर बुरशी धरत नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ऐंशीच्या पुढे असते. म्हणजे वर्षातले निदान चार महिने ते यंत्र अखंड चाललं पाहिजे. एखादा आठवडा बंद राहिलं तर वर्षभराची काळजी वाया जाते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तीन पावसाळ्यांपूर्वी आमचं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीचा खर्च संस्थेच्या एका महिन्याच्या शिलकीपेक्षा जास्त होता. मंजुरी मिळायला तीन आठवडे गेले. मी रोज खिडक्या उघडायच्या की बंद ठेवायच्या याचा हिशेब करत बसले, मीठ आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, पंखे लावले. खालच्या फळीवरच्या एकशे बेचाळीस काचांना बुरशी लागली. लग्नाचे मुहूर्त, मुंजी, एका तालमीतले पैलवान, एका छापखान्यातले खिळे जुळवणारे कामगार. आता त्यांच्या चेहऱ्यांवर फांद्या फुटल्यासारखी नक्षी आहे. ती निघत नाही, कारण बुरशीने चित्रच खाल्लेलं असतं. ती फळी मी रिकामी केलेली नाही. कुणी पाहुणे आले, कुणी अधिकारी आले, तर मी आधी तीच फळी दाखवते.

सकाळी ११

काचा उजेडपेटीवर घेतल्या. हातात नायट्राइलचे मोजे, काच नेहमी कडेने धरायची, ठेवायची ती लांब बाजूवर उभी, एकावर एक कधीच नाही. मऊ ब्रशने धूळ काढायची, फक्त काचेच्या बाजूने. चित्राच्या बाजूला हात लावायचा नाही. मग स्कॅन, मग नोंद: दाखल क्रमांक, आकार, स्थिती, कोरलेला आकडा, चित्रात काय दिसतं. अर्ध्या प्लेटची काच बाराशे डीपीआयने घेतली तर एक फाइल सुमारे ९० एमबीची होते. तिच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत या इमारतीबाहेर. नीट काम केलं तर दिवसाला पंधरा काचा होतात.

आम्हाला सारखं विचारलं जातं: स्कॅन झालं ना, मग मूळ काच कशाला ठेवायची? आजची आठवी काच त्याचं उत्तर होती. १९४० च्या सुमारास काढलेलं एका नवराबायकोचं चित्र. काच तिरपी धरली आणि बाईंच्या गालांवर, डोळ्यांखाली बारीक शिसपेन्सिलीच्या रेघा चमकल्या. रिटचिंग करणाऱ्याने चित्राच्या थरावर टोकदार पेन्सिलीने एकेक रेघ ओढून देवीचे व्रण पुसले होते. छापलेल्या फोटोत त्या बाईंचा चेहरा नितळ दिसतो. स्कॅनमध्येही नितळच. खरा चेहरा आणि त्यावर तासभर वाकून बसलेल्या कारागिराचा हात, दोन्ही फक्त काचेत आहेत. पुण्यातल्या स्टुडिओंमध्ये अशी रिटचिंगची माणसं पगारावर असत. त्यांची नावं कुठल्याच फोटोवर नाहीत.

दुपारी १२.३०

जिन्यावरून आवाज आला, "आत येऊ का?" सिंहगड रस्त्यावरून एक काकू आल्या होत्या, बरोबर मुलगा. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा पुनर्विकासाला जातोय. काकांना फोटोंचा छंद होता, ते वारले. एका पिशवीत चार आल्बम, दुसरीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला. काकूंना वाटलं, कधीतरी लोणच्याचा डबा असेल. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन समजावलं. १९५० नंतरची बहुतेक फिल्म ॲसिटेटवर असते. उष्णता आणि ओल मिळाली की ती कुजायला लागते, त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, तोच हा वास. बंद डब्यात तो वास कोंडतो आणि शेजारच्या फिल्मलाही सडवतो. फिल्म आकसते, सुरकुत्या पडतात, शेवटी चित्राचा थर सुटतो. एकदा सुरू झालं की थांबत नाही, फक्त थंडीत ठेवून लांबवता येतं.

आल्बम सत्तर-ऐंशीच्या दशकांतले, चिकट पानांवर पारदर्शक कागद ओढायचे त्या प्रकारचे. त्यांतले रंगीत फोटो लालसर झाले होते. एका फोटोवर बोट ठेवून काकू म्हणाल्या, "ही साडी हिरवी होती हो."

मुलाने सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही हे सगळं ठेवून घ्याल का? फ्लॅटमध्ये जागा नाही." या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही हे मी ठरवलंय. घेऊ शकते, पण थंड कोठी आमच्याकडे नाही. व्हिनेगरच्या वासाची फिल्म इतर फिल्मजवळ ठेवता येणार नाही. स्कॅन करू, पण रांग दोन वर्षांची आहे. काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तरी ठेवा. आमच्याकडे तर माळ्यावरच जाणार." डबा मी बाहेरच्या गॅलरीतल्या कपाटात ठेवला, झाकण किलकिलं करून, आणि वहीत नोंद केली. निघण्याआधी त्यांना तासभर बसवून फोटोंमधली नावं लिहून घेतली. नावं सांगणारी त्या घरात आता त्या एकट्याच आहेत.

दुपारी २

जेवणाचा डबा उघडला आणि फोन वाजला. शाळेतल्या एका बाईंना आनंदीबाई जोशींचा फोटो हवा होता, 'आपल्या पुण्याच्या संग्रहातला'. मी त्यांना सांगितलं की तो पुण्यात नाही. आनंदीबाई १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. पण १८८५ साली घेतलेलं ते प्रसिद्ध चित्र, ज्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली शेजारी बसल्या आहेत, ते फिलाडेल्फियात आहे. ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या, त्याची कागदपत्रं आज तिथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. तिथे एका विद्यार्थिनीचा फोटो सव्वाशेहून अधिक वर्षं कुणी ना कुणी पगारी माणूस सांभाळत राहिला, म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत आनंदीबाईंना चेहरा आहे.

इब्राहिम अल्काझींचंही मला असंच आठवतं. १९२५ साली पुण्यात जन्मलेला, इथल्या सेंट व्हिन्सेंट शाळेत शिकलेला मुलगा. नाटकातलं त्यांचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. पण भारतीय उपखंडातल्या जुन्या छायाचित्रांचा एक फार मोठा संग्रह त्यांनी जमवला, आणि तो आज दिल्लीत त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाकडे आहे. छायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी आपलं आयुष्यभराचं काम तिथेच सोपवलं.

दुपारी २.३०

अर्ज. एकूण अठरा पानं, जोडपत्रं वेगळी. नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, मागच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, जागेचा करार. या कागदांबद्दल माझी तक्रार नाही. लोकांचा पैसा आहे, हिशेब मागितलाच पाहिजे.

अडतं ते पान क्रमांक अकरावर. तिथे रकाने आहेत: नवीन दालनाची उभारणी, प्रकाशयोजना, दृक्‌श्राव्य साधनं, डिजिटायझेशन, उद्घाटन व प्रसिद्धी. 'प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख' हा रकाना सक्तीचा आहे. पगार, वीज, यंत्राची दुरुस्ती, पाकिटांचा कागद यांना रकाना नाही. मागच्या वेळी याच मार्गाने आम्हाला स्कॅनर मिळाला. तो चांगला आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण तो चालवणाऱ्या मुलीला सहा महिन्यांपलीकडे ठेवता आलं नाही आणि ती एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या कंपनीत गेली. तिचं काही चुकलं नाही.

संग्रह कधीच पूर्ण होत नाही. त्याला पूर्ण होण्याची तारीख लिहायची म्हणजे त्या तारखेनंतर यंत्र बंद करायचं. सरकारी पैसा आपल्याकडे कलेला मिळतच नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. तो मिळतो एकदाच, उभारताना. सांभाळण्याला मिळत नाही, आणि छायाचित्राला तर सांभाळण्यावाचून दुसरी गरजच नाही. पितळेचा दिवा, लाकडी कोरीव दार, दगडी मूर्ती दहा वर्षं दुर्लक्षली तरी बहुतेक वेळा तग धरतात. बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने एका माणसाने गावोगाव फिरून जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू. त्यांनाही निगा लागतेच. पण काचेला आणि फिल्मला एक पावसाळा पुरतो.

आणि सरकारला हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याला लॉ कॉलेज रस्त्यावर घेऊन जाईन. १९६४ साली तिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी दशकानुदशकं एकेक रीळ जमवलं. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज आपण बघू शकतो ते त्यांच्यामुळे. ते काम शक्य झालं कारण दरमहा पगार होता, थंड कोठ्या होत्या, आणि त्यांचं बिल सरकार भरत होतं. जिथे निगा अपुरी पडली तिथलं फळही पुण्यानेच पाहिलं: २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. पुढे चित्रपटांसाठी सुमारे ५९७ कोटी रुपयांचं राष्ट्रीय वारसा अभियान आलं. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. चित्रपटवाल्यांनी त्यावर चिंता व्यक्त केली, आणि ती मला रास्त वाटते, कारण महामंडळ ही कंपनी आहे आणि कंपनीला जमाखर्च जुळवावा लागतो. तरी चित्रपटाला निदान अभियान आहे. हस्तलिखितांसाठी २००३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं. हस्तलिखित आणि चित्रपट या दोहोंच्या मधे फोटो पडला, आणि त्याला त्या तोडीचं घर मिळालं नाही.

कंपन्यांच्या सामाजिक निधीचा मार्ग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन त्या यादीत आहे, आणि ठरावीक नफ्याच्या पुढच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. मी दोन ठिकाणी जाऊन आले. दोन्हीकडे विचारलं गेलं, लाभार्थी किती? मी काय सांगणार? काचेवरच्या त्या शाळेच्या मुली मोजल्या तर बत्तीस.

४ वाजून ५२ मिनिटांनी अर्ज गेला. 'डिजिटायझेशन' या रकान्यात बसेल तेवढं मागितलं. सोबतच्या पत्रात स्वतंत्र परिच्छेद लिहिला: आम्हाला नवीन दालन नको, तीन वर्षांची वीज आणि एक तंत्रज्ञ द्या.

संध्याकाळी ६

विश्वस्त जमले. मावशींनी चहा आणि भडंग दिलं. विषय असा: दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या खासगी संस्थेने आमचा संपूर्ण संग्रह मागितला आहे. त्यांच्याकडे तापमान राखणाऱ्या कोठ्या आहेत, संवर्धन प्रयोगशाळा आहे, माणसं आहेत. नाव आमचं लावतील. पैसे देणार नाहीत, नेण्याचा खर्च त्यांचा. इकडे आमच्या वाड्याचाही पुनर्विकास ठरलाय, पुढच्या वर्षी जागा सोडायची आहे.

अण्णा आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. ते नकारावर ठाम होते. त्यांनी इंग्लंडची गोष्ट सांगितली. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचा चार लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात होता. त्या संग्रहालयाचा पैसा आटला आणि २०१६ मध्ये संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे द्यायचं ठरलं. तिथे तो उत्तम ठेवला गेला, लंडनला छायाचित्रांचं सुंदर केंद्र झालं. पण उत्तरेतल्या गिरणगावाचं ते वैभव राजधानीत गेलं, परत आलं नाही. कॅनडाचं त्यांनी सांगितलं: ओटावात १९९२ मध्ये समकालीन छायाचित्रणाच्या संग्रहालयाला स्वतःची इमारत मिळाली, २००६ मध्ये ती बंद झाली, २००९ मध्ये ते राष्ट्रीय कलादालनात विरून गेलं. आणि याच एप्रिलमध्ये न्यूकॅसलची साइड गॅलरी बंद झाली, १९७७ पासून कामगारवस्त्यांचे फोटो दाखवणारी. तिचं नियमित सरकारी अनुदान थांबलं आणि विजेचा खर्च वाढला. "श्रीमंत देशांची ही गत आहे," अण्णा म्हणाले, "पण म्हणून आपण आधीच हात वर करायचे का?"

दुसऱ्या विश्वस्त, ज्या सनदी लेखापाल आहेत, त्यांनी मुंबईचं उदाहरण काढलं. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ पासूनचं, महापालिकेचं. अगदी मोडकळीला आलं होतं. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांचा तिहेरी करार झाला आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेही देखणं. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे आपल्याकडच्या पहिल्या छायाचित्रकारांपैकी एक, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. गुरुग्रामचंही सांगितलं: तिथलं म्युझिओ कॅमेरा २०१९ मध्ये महापालिकेच्या भागीदारीतून उभं राहिलं. बंगळुरूला याच फेब्रुवारीत कला आणि छायाचित्रांचं मोठं संग्रहालय उघडलं, ते मुख्यतः खासगी देणग्यांवर. मग पुण्यात का नाही? बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात आणि घोले रस्त्यावरच्या राजा रविवर्मा कलादालनात महापालिका फोटोंच्या प्रदर्शनांना भिंत देते. चार दिवसांनी फ्रेम उतरतात आणि घरोघरी परत जातात. भिंत आहे, कोठी नाही.

मला मताचा अधिकार नाही, मी नोकर आहे. पण त्यांनी विचारलं, म्हणून बोलले. मी म्हणाले, अण्णा, हा संग्रह पुण्याचा आहे आणि पुण्यातच राहावा असं मला तुमच्याइतकंच वाटतं. इथल्या पेठांमधलं माणूस जिना चढून येतं आणि काचेत आपली आजी ओळखतं, हे दुसऱ्या शहरात होणार नाही. पण पुण्यात भिजलेल्या काचेपेक्षा परगावी कोरडी राहिलेली काच बरी. ती एकशे बेचाळीस काचांची फळी तुम्ही पाहिली आहे. पुढच्या जूनपर्यंत वीज, माणूस आणि कोरडी जागा यांची हमी मिळाली नाही, तर काचा द्याव्यात आणि मी स्वतः त्या पॅक करून देईन.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ठराव झाला. मार्चअखेरपर्यंत थांबायचं. तोवर महापालिकेकडे लेखी मागणी करायची: पुढच्या अंदाजपत्रकात शहराच्या छायाचित्रसंग्रहासाठी कायमचं लेखाशीर्ष, आणि पालिकेच्या एखाद्या इमारतीत दोन कोरड्या खोल्या. पत्राचा मसुदा मी करायचा.

रात्री ९

घरी येऊन आईला फोन केला. तिला सकाळच्या पेपरातला फोटो दिसला होता. पानशेतच्या वेळी ती सात वर्षांची होती, नारायण पेठेत. आजोबांच्या लग्नाचा फोटो भिंतीवर होता, तो पाण्याने नेला. दुसरी प्रत नव्हती. आजोबा तरुणपणी कसे दिसत ते मला ठाऊक नाही, आईलाही आता नीट आठवत नाही.

मसुद्याच्या पहिल्या दोन ओळी लिहून झाल्या आहेत. वाचकहो, तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. घरात काचा, निगेटिव्ह, स्टुडिओच्या वह्या असतील तर त्या रद्दीत किंवा भंगारात देऊ नका. घरातलं सगळ्यांत ज्येष्ठ माणूस जवळ बसवून, प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. आणि तुमच्या नगरसेवकपदाच्या उमेदवाराला, आमदाराला भेटाल तेव्हा नव्या दालनाऐवजी हे विचारा: आमच्या शहराचे फोटो ठेवायला कोरडी खोली कुठे आहे, आणि तिचं विजेचं बिल दर महिन्याला कोण भरणार आहे?